बिघडलं तर लाल

मी एक आकडा खोटा वाचला. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ते बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी वस्तू माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच." त्या वस्तूवर जे होतं ते मी वाचलं नाही. त्यांना जे ऐकायचं होतं ते वाचलं. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. ना कुणाला काही दिसलं, ना कुणी काही विचारलं. पण दर उन्हाळ्यात घरातला कूलर पहिल्यांदा सुरू होतो आणि तो आकडा माझ्या डोक्यात येतो.

ते माझे घरमालक. त्यांना मी काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी औषधांच्या एका कंपनीचा विक्रेता म्हणून नागपुरात नवा आलो होतो आणि इंदोऱ्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत राहत होतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि विसरून गेले.

"गाव कोणतं?"

"भिवापूर."

"मंग ठीक आहे. ये भिवापूर, आत ये."

तेव्हापासून मी भिवापूर. शेजारच्या खोलीतलं जोडपं पारशिवनी. "स्टेशनायची नावं ध्यानात राहतात गा," ते म्हणायचे, "माणसायची नाही राहत."

त्यांचं घर बाहेरून इतरांसारखंच, आतून मात्र तारांचं जाळं. फाटकावर तीन बटणं होती. एक दूधवाल्याचं, एक पोस्टमनचं आणि एक पाहुण्यांचं. तिन्हींचे आवाज वेगळे, म्हणजे कोण आलं ते न उठता कळावं. पण पोस्टमन नेमाने पाहुण्यांचंच बटण दाबायचा, कारण ते त्याला दिसायला बरं वाटायचं. काकांनी त्याला दोनदा समजावलं, मग हार मानून बटणांच्या तारा आतून बदलल्या. पुढच्याच आठवड्यात नवा पोस्टमन आला. तो लिहिलेलं वाचून बरोबर बटण दाबायचा, आणि काकू चहाचं आधण ठेवून पाहुण्यांची वाट बघत बसायच्या.

गच्चीवरच्या टाकीत त्यांनी तांब्याचा पोकळ गोळा सोडला होता. टाकी भरली की तो वर यायचा आणि खाली बैठकीतला रेडिओ बंद व्हायचा. रेडिओच का, असं मी एकदा विचारलं.

"घंटी लावली असती तं सारेच म्हणतात, दुसरं कोणी पाहीन," ते म्हणाले. "गाणं बंद पडलं का सारेच धावतात."

ते खरंच होतं. बातम्या अर्ध्यावर तुटल्या की पारशिवनीची बायको पदर खोचत मोटार बंद करायला पळायची आणि आवाज परत आला की आम्ही सगळे पुन्हा बसायचो.

त्यांच्याबरोबर सीताबर्डीला खरेदीला जाणं हा वेगळाच अनुभव. हातात जेवणाचा डबा असायचा, पण डब्यात पोळी नाही, बॅटरी, छोटा बल्ब आणि तारेचे दोन तुकडे. दुकानदाराने कुठलाही स्विच काढला की आधी डबा उघडायचा आणि काउंटरवरच तो जोडून बघायचा. खिशात घरचा जुना भाग असायचा, नव्याला त्याच्या शेजारी ठेवून ते दोघांकडे आलटून पालटून बघत. दुकानदार कंटाळून म्हणायचा, "बाबूजी, घेऊन जा, नाही बसला तर परत आणा." काका मान वर न करता म्हणायचे, "पोरगी देतानी असं म्हणत असतं का कोणी?"

घ्यायची वस्तू चांगली की वाईट, हा त्यांचा पहिला प्रश्न कधीच नसायचा. ते विचारायचे, ही कोणाशी बोलते? जपानी रेडिओचा प्लग आपल्या सॉकेटात जात नाही, अमुक कंपनीचा रिले तमुक बॅटरीवर उठत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. एकदा मी हौसेने एक विदेशी टेबल लॅम्प आणला. त्याला त्याच्याच कंपनीचा बल्ब लागायचा. काकांनी तो हातात घेतला, फिरवला आणि परत दिला. "जो फक्त आपल्याच घरच्याशी बोलते, त्याले आपल्या घरी काहून आणाव?" बल्ब गेला तेव्हा नवा मिळाला नाही. तो दिवा पुढे कपडे अडकवायच्या कामी आला.

दोन वस्तू जुळल्या की ते खुशीत म्हणायचे, "छत्तीस गुण." मी एकदा चेष्टेने म्हटलं, काका, तुम्ही तर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच पत्रिका सोडल्या म्हणता.

"माणसाच्या सोडल्या," ते म्हणाले. "मशीनच्या नाही सोडल्या."

आतून काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात पाह्यली असती कोणी तं आज मी बॅटरीची सवत नसती झाली."

हे सगळं घर खरं तर काकूंसाठी होतं. संधिवाताने त्यांचे गुडघे धरले होते. उठून दिवा लावणं म्हणजे कण्हत कण्हत केलेला प्रवास. म्हणून पलंगाच्या उशाशी काकांनी लाकडी पाटी ठोकली आणि पंखा, दिवा, कूलरचा पंप, रेडिओ असं एकेक बटण त्यावर आणलं. काका दिवसभर गच्चीवरच्या खोलीत काहीतरी जोडत असायचे, तेव्हा त्यांना बोलावण्यासाठी एक घंटीही होती. कूलरचा पंप सुरू झाला की वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घरभर जायचा. काकू डोळे मिटून म्हणायच्या, "हे एक बरं केलं ह्यायनं." याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही, आणि काकांना ती पुरायची.

या सगळ्या उद्योगामागे त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी नोकरीतून आणला होता. रेल्वेच्या सिग्नलची तार तुटली तर सिग्नलचा हात आपोआप आडवा होतो. आडवा म्हणजे लाल, म्हणजे थांबा. बिघाड झाला तर गाडी उशिरा जाईल, पण कोणी मरणार नाही. "वस्तू बिघडनच," ते म्हणायचे. "पण बिघडली तं लाल झाली पाह्यजे. बिघडून हिरवी राहते ते माणूस मारते." घरातही त्यांनी हेच केलं होतं. काकूंच्या घंटीची तार कुठेही तुटली की गच्चीवरच्या खोलीत लाल बल्ब पेटायचा. उंदराने एकदा ती तार कुरतडली, तर चपला न घालता काका खाली आले होते.

प्रश्न न्हाणीघराचा होता. ते परसात, घरापासून वेगळं. काकूंना तिथे जाताना घंटीचं बटण बरोबर हवं. काकांनी लांब तार जोडून बटण त्यांच्या हातात दिलं. ती तार मागे फरफटत यायची, उंबऱ्यात अडकायची. एक दिवस काकूंनी ती अंगणात फेकून दिली.

"म्हैस आहे का मी, दावं बांधून फिरवता?"

काकांनी तार उचलून गुंडाळून ठेवली. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "भिवापूर, बिनतारी कराव लागते."

बिनतारी म्हणजे एक छोटं यंत्र काकूंच्या कमरेला आणि एक गच्चीवर. तिकडे बटण दाबलं की इकडे घंटी. मुलांच्या रिमोटच्या मोटारीत असते तशीच विद्या. काकांनी दोन्ही यंत्रं स्वतः बांधायला घेतली. तांब्याच्या तारेच्या कॉइल हाताने गुंडाळल्या. अडत होतं ते दोन क्रिस्टलांवर. नखाएवढी चपटी धातूची डबी, तिला दोन पाय आणि पाठीवर आकडा. एक पाठवणाऱ्या यंत्रात, एक ऐकणाऱ्या यंत्रात. दोन्हींचे आकडे सारखे नसतात, पण त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. ते चुकलं की एक बोलतो आणि दुसरा ऐकत नाही. ही जोडी नागपुरात मिळेना. मला कंपनीच्या कामासाठी दिल्लीला जायचं होतं.

त्या घरात कोणतीही वस्तू काकांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आली नव्हती. मोतीबिंदू वाढत होता, तरी बोटांनी चाचपून ते स्वतःच घ्यायचे. त्यांनी ते काम मला दिलं, तेव्हा मला जो मान वाटला तो नोकरीत कधी वाटला नाही. "जोडीनं आणजो," त्यांनी बजावलं. "एकटा क्रिस्टल काही कामाचा नाही."

लाल किल्ल्यासमोरच्या रेडिओच्या बाजारात मी ती जोडी बरोबर घेतली. इथपर्यंत माझी चूक नव्हती. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं. बोलणं हा माझा धंदाच. बोलता बोलता मी बिनतारी यंत्राचा विषय काढला आणि ते यंत्र जणू मीच बांधतोय अशा थाटात सांगू लागलो. दाखवायला पुडी उघडली. ऐकणाऱ्या यंत्राचा क्रिस्टल चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात आकडा दाखवत होतो, तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि तो बाहेर गेला. समोरच्या बाई "अरे रे" म्हणाल्या. मी उरलेला एक क्रिस्टल पुडीत बांधून खिशात ठेवला.

घरी येऊन सांगितलं असतं तर काका चिडले असते, दोन दिवस मला भिवापूर म्हणून हाकसुद्धा मारली नसती कदाचित. त्यापलीकडे काही झालं नसतं. पण मला तो मान सोडवेना. स्टेशनवरून मी घरी गेलो नाही, सीताबर्डीला गेलो. खेळणी दुरुस्त करणाऱ्याकडे एका मोडक्या मोटारीतून निघालेला ऐकणारा क्रिस्टल मिळाला. आकडा वेगळा होता, पण जवळचा. "चलता है साहब," तो म्हणाला, "बाल बराबर फरक है." मला तेच ऐकायचं होतं. तो मी पुडीत घातला.

संध्याकाळी काकांनी पुडी उघडली, पहिला क्रिस्टल माझ्याकडून वाचून घेतला, मान हलवली. मग दुसरा माझ्या तळहातावर ठेवला.

"वाच."

त्यावर सव्वीस सातशे चाळीस होतं. हरवलेल्यावर सव्वीस सहाशे नव्वद होतं, ते मला पाठ होतं, कारण गाडीत मी तेच मोठ्याने सांगत होतो.

"सव्वीस सहाशे नव्वद," मी म्हणालो.

"छत्तीस गुण," काका म्हणाले.

घंटी वाजली. नव्या सेलवर ती न्हाणीघरातूनही वाजली. पारशिवनीच्या बायकोने टाळ्या वाजवल्या, काकूंनी बटण पुन्हा पुन्हा दाबून काकांना पाच-सहा वेळा उगीचच खाली यायला लावलं. मी मनातल्या मनात त्या खेळणीवाल्याचे आभार मानले. फक्त काका समाधानी नव्हते. गच्चीवर रेडिओच्या स्क्रूड्रायव्हरने कॉइल इकडेतिकडे फिरवत ते म्हणायचे, "ऐकते, पण मन लावून नाही ऐकत गा. माह्याच गुंडाळण्यात काही चुकलं." एकदा नाही, अनेकदा म्हणाले. मी शेजारी बसून चहा प्यायचो. आणखी एक गोष्ट त्यांना खुपत होती. हवेत तार नव्हती, त्यामुळे ती तुटल्याचं सांगणारा लाल बल्बही लावता येत नव्हता. जन्मभर पाळलेला नियम त्यांनी एकदाच मोडला, काकूंच्या मागे दावं नको म्हणून.

उन्हाळा आला. मे महिन्यात दुपारी नागपुरात माणूस बाहेर दिसत नाही, दारं-खिडक्या बंद आणि घराघरांतून कूलरची घरघर. मी दौऱ्यावर होतो. पुढचं मला पारशिवनीकडून कळलं. काकू न्हाणीघरात घसरल्या. कमरेचं बटण हाताशी होतं, ते त्यांनी दाबलं. दाबत राहिल्या. गच्चीवर घंटी वाजली नाही. सेल उतरले होते, गच्चीपर्यंतचं अंतर तेवढंच होतं आणि आकड्यातला तो केसाएवढा फरक आता भिंतीएवढा झाला होता. हाका कूलरच्या आवाजात बुडाल्या. काका चहाच्या वेळेला खाली आले, तेव्हा त्या तापलेल्या फरशीवर पडलेल्या सापडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "बटन नीट दाबलंच नाही गेलं माह्यानं. बोटात जोरच नव्हता." काका पायाशी बसून होते. ते म्हणाले, "ते खोटं बोलून राहिली. दाबलं तिनं. माह्या हातानं बिघडलं, अन् हिरवं राह्यलं."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी आंब्यांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि निघालो.

काकू घरी आल्या त्या आठवड्यात काकांनी घरातल्या तारा काढायला सुरुवात केली. फाटकावरची तीन बटणं गेली, एक कडी राहिली. रेडिओ टाकीपासून मोकळा झाला. उशाशी एक स्टीलची थाळी आणि चमचा आला. काकू थाळी वाजवायच्या, काका जवळच असायचे, कारण आता ते गच्चीवर जातच नव्हते. सीताबर्डीचा तो डबा एकदा मला स्वयंपाकघरात दिसला. त्यात खरोखरच पोळ्या होत्या. एकदा माझ्या इस्त्रीची तार जळाली, म्हणून मी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली नाही. "दुकानात दे भिवापूर. माह्या हातावर आता माहाच भरोसा नाही."

दुसऱ्या वर्षी माझी रायपूरला बदली झाली. मी मागून घेतली होती, हेही इथे लिहायला हवं.

अनेक वर्षांनी, लग्न, मुलं, कंपनीतली बढती हे सगळं झाल्यावर, कामानिमित्त नागपूरला आलो आणि इंदोऱ्यात गेलो. भिंतींवर जिथे तारा होत्या तिथे खिळ्यांची भोकं तशीच होती, चुन्याने बुजवलेली सुद्धा नव्हती. काकू खुर्चीत होत्या, मांडीवर थाळी. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जाड काचांमागून त्यांनी मला दारातच ओळखलं.

"ये भिवापूर."

चहा झाला. भिवापूरची मिरची नेली होती, काकूंनी ती पुडीतूनच हुंगली. एवढ्यात शेजारीण बिघडलेला मिक्सर घेऊन आली. काका जागचे उठले नाहीत. "बाई, मी नाही करत. हात गेला माहा कधीचा," असं म्हणून त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता सांगितला. इतक्या सहजपणे, की हे वाक्य त्यांनी किती जणांना म्हटलं असेल ते माझ्या लक्षात आलं.

ती गेल्यावर मी म्हणालो, "काका, तो आकडा मी खोटा वाचला होता."

"कोणता?"

"दिल्लीच्या क्रिस्टलचा. खरा गाडीतून पडला माझ्या हातून. मी दुसरा आणून ठेवला होता."

ते उठले. भिंतीचा आधार घेत आतल्या कपाटापर्यंत गेले आणि एक पत्र्याची डबी घेऊन आले. सगळं काढून टाकलं होतं, पण ते ऐकणारं यंत्र त्यांनी ठेवलं होतं. क्रिस्टल काढला. आता त्यांना तो स्वतः वाचता आला असता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"वाच."

"सव्वीस सातशे चाळीस."

"पुन्हा वाच."

"सव्वीस सातशे चाळीस, काका."

ते बाजेवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे कॉइल बरोबर होती," ते म्हणाले. मग काकूंकडे बघून म्हणाले, "ऐकलं का वं? कॉइल बरोबर होती."

काकू म्हणाल्या, "मले खरंच वाटलं होतं का बोटात जोर नव्हता. पहिले तुमच्यासाठी म्हटलं, मंग म्हणता म्हणता मलेच खरं वाटाले लागलं. रोज दाबून पाहो मी, पलंगाच्या लाकडावर."

मग काका माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता.

"एवढी वर्षं हिरवा दाखवत राह्यला तू, भिवापूर. समोर गाडी उभी होती."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"मले नको सांगू," ते म्हणाले. "पडली ते."

मी उठून काकूंच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो. त्यांनी मांडीवरची थाळी बाजूला ठेवली, तिचा आवाज झाला.

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही बटण नीट दाबलं होतं. काकांनी यंत्र नीट बांधलं होतं. बिघडलो होतो मी, आणि बोललो नाही. मला माफ करा."